वेळासची कासवे आणि गावाचा निर्धार

मुंबई–गोवा महामार्गाने प्रवास करणाऱ्यास रत्नागिरी तालुक्यातील पाली हे गाव वाटेत लागते. भाताची खाचरे, आंबा-काजूच्या बागा, जांभ्या दगडाचे सडे आणि पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे वहाळ हे कोकणातील शेकडो गावांचे चित्र या परिसरातही दिसते. अशा गावांच्या ग्रामपंचायतींपुढे अलीकडे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. वहाळात कचरा पडतो, देवराईतील जुने झाड तोडले जाते, सड्यावरची माती व दगड उचलला जातो. नुकसान साऱ्या गावाचे होते. परंतु त्याची राखण करण्याचे काम नेमके कोणाचे, याचे उत्तर मिळत नाही. खासगी मालकीच्या वस्तूला मालक असतो, सरकारी मालमत्तेला खाते असते. जे सर्वांचे असते त्याला मात्र पुष्कळदा कोणीच वाली नसतो.

या प्रश्नाचे एक उत्तर रत्नागिरी जिल्ह्याच्याच उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातील वेळास या गावाने दिले आहे. चिपळूण येथील ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या स्वयंसेवी संस्थेने २००२ सालापासून वेळासच्या ग्रामस्थांना बरोबर घेऊन समुद्री कासवांच्या संरक्षणाचे जे काम उभे केले, त्याची कीर्ती आज महाराष्ट्राबाहेरही गेली आहे. ते काम कसे सुरू झाले, कसे टिकले, त्यात कोणत्या अडचणी आल्या आणि समुद्रापासून दूर असलेल्या गावांनी त्यापासून काय घ्यावे, याचा विचार पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी या तिघांनाही उपयुक्त ठरावा.

गाव आणि किनारा

सावित्री नदी जेथे अरबी समुद्राला मिळते त्या बाणकोट खाडीच्या दक्षिणेस वेळास वसले आहे. खाडीपलीकडे रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर दिसते. अलीकडे बाणकोटचा किल्ला उभा आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांच्या घराण्याचे हे मूळ गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरे, मधून जाणारी चिंचोळी वाट आणि वाडी संपताच पसरलेली मऊ वाळूची पुळण, असे गावाचे रूप आहे. मुंबई-पुण्याकडे नोकरीसाठी जाणाऱ्या तरुणांमुळे कोकणातील इतर गावांप्रमाणे येथेही कित्येक घरांना कुलपे दिसतात.

या पुळणीवर दरवर्षी थंडीच्या दिवसांत एक पाहुणी येते. ती म्हणजे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवीण. भारताच्या किनाऱ्यावर विणीसाठी येणाऱ्या समुद्री कासवांमध्ये ही जात सर्वांत अधिक आढळते. ओडिशातील गहिरमाथा व ऋषिकुल्या येथे या जातीच्या लक्षावधी माद्या थोड्या दिवसांत एकदम किनाऱ्यावर येतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तसे होत नाही. येथे मादी एकेकटी, रात्रीच्या अंधारात येते आणि पहाटेपूर्वी निघून जाते. त्यामुळे तिचे येणे गावातील मोजक्याच लोकांना ठाऊक असे.

कासवाचा जीवनक्रम

या कामाचे मर्म समजण्यासाठी कासवाचा जीवनक्रम थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पूर्ण वाढलेल्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या पाठीची ढाल सुमारे दोन फूट लांब असते व वजन साधारणतः ३५ ते ५० किलोग्रॅम भरते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या आपल्या किनाऱ्यावर येतात. भरतीच्या रेषेच्या वर सुकी वाळू पाहून मादी मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, सुरईसारखा खड्डा खणते. त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि समुद्रात परतते. अंड्यांकडे वा पिल्लांकडे ती पुन्हा फिरकत नाही. अंडी उबविण्याचे काम सूर्याच्या उष्णतेने तापलेली वाळू करते.

साधारणतः ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले अंडी फोडून वाळूतून वर येतात व समुद्राकडे धाव घेतात. रात्रीच्या वेळी समुद्राच्या बाजूचे क्षितिज जमिनीपेक्षा अधिक उजळ असते. त्या उजेडाच्या रोखाने पिल्ले चालतात. किनाऱ्यावर विजेचा प्रखर दिवा असेल तर तीच पिल्ले दिशा चुकून जमिनीकडे येतात व मरतात. पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूच्या तापमानावर ठरते. तापमान सुमारे २९ अंश सेल्सिअसच्या बरेच वर गेले तर माद्या अधिक निपजतात आणि त्याखाली राहिले तर नर अधिक निपजतात. पिल्लाला प्रजननक्षम होण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. वाटेत खेकडे, पक्षी, मासे अशी संकटे एवढी असतात की हजार पिल्लांमधून एखादेच वयात येते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणूनच अंड्यांचा एक खड्डा नाहीसा झाला तर होणारे नुकसान त्या शंभर अंड्यांपुरते मर्यादित राहत नाही.

निसर्गातील शत्रूंना कासवाने कोट्यवधी वर्षे तोंड दिले. माणसाने अंडी गोळा करण्यास आरंभ केला तेव्हा मात्र हा हिशेब बिघडला. कोकण किनाऱ्यावरील अनेक गावांत मादीच्या पावलांचा माग काढून अंडी उकरण्याची व ती खाण्याची अथवा विकण्याची रीत होती. माणसाच्या हातून सुटलेली घरटी कोल्ही-कुत्री उकरीत. परिणामी, मादी येत असे, अंडी घालत असे, पण पिल्लू क्वचितच समुद्रात जात असे. बाहेरून पाहणाऱ्याला किनारा जसाच्या तसा दिसे; आतून मात्र तो वांझ होत चालला होता.

कामाचा आरंभ

‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था १९९२ साली चिपळूण येथे स्थापन झाली. श्री. विश्वास ऊर्फ भाऊ काटदरे हे तिच्या संस्थापकांपैकी एक. पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची पाहणी हे संस्थेच्या आरंभीच्या महत्त्वाच्या कामांपैकी एक होते. उंच झाडांवर घरटी बांधणाऱ्या या पक्ष्याचा शोध घेत कार्यकर्ते किनाऱ्यावरील गावोगाव फिरले. याच भटकंतीत वेळासच्या पुळणीवर त्यांना उकरलेले खड्डे व कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. ग्रामस्थांकडे विचारपूस करता कासवे येतात व अंडी नेली जातात, हे उघड झाले.

येथे दोन मार्ग होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये समुद्री कासवांना पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. ‘शिकार’ या संज्ञेत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणे व घरट्यांना उपद्रव देणे याचाही समावेश होतो, आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत ३ ते ७ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. तेव्हा तक्रार करून कारवाईची मागणी करणे, हा एक मार्ग होता. दुसरा मार्ग गावात बसून गावाशी बोलण्याचा. संस्थेने दुसरा मार्ग पत्करला. कायदा बाजूला ठेवला असा याचा अर्थ नाही. अंडी हलविण्यासाठी वन खात्याची संमती आवश्यक असते आणि वन खात्याच्या सहकार्यानेच पुढील काम झाले. मात्र कायद्याचा धाक दाखवून रात्रीच्या किनाऱ्यावर पहारा बसविता येत नाही, हे कार्यकर्त्यांनी आरंभीच ओळखले होते. मैलभर पुळणीवर पहाटे तीन वाजता कोण आले आणि कोण गेले, हे सांगू शकेल असा माणूस फक्त गावातच असतो.

२००२–०३ च्या हंगामात किनाऱ्यावरच जाळीचे कुंपण घालून उबवण केंद्र तयार करण्यात आले. पहिल्याच हंगामात पन्नासच्या आसपास घरटी सुरक्षित झाली आणि अडीच हजारांहून अधिक पिल्ले समुद्रात सोडली गेली. वेळासच्या लोकांनी कित्येक वर्षांत न पाहिलेले दृश्य त्यांच्या अंगणाशी घडू लागले.

कामाची पद्धत

काम दिसावयास साधे असले तरी त्यात शिस्त लागते. हंगामात कासवमित्र रोज पहाटे किनारा पायी धुंडाळतो. मादीच्या येण्या-जाण्याचा माग वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा उमटतो. मागाच्या टोकाशी काठीने वाळू चाचपून घरट्याची जागा शोधली जाते. वाळू जेथे भुसभुशीत लागते तेथे अंडी असतात. अंडी हलकेच, उलटसुलट न करता उचलावी लागतात, कारण अंडी घातल्यावर काही तासांत गर्भ कवचाच्या आतील बाजूस चिकटतो व नंतर अंडे फिरले तर तो दगावतो. मूळ खड्ड्याची खोली व आकार मोजून तसाच खड्डा केंद्रात खणला जातो आणि त्यात अंडी पुरली जातात. प्रत्येक खड्ड्यापाशी तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी रोवतात.

पिल्ले बाहेर येण्याचा काळ जवळ आला की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात व ती वारंवार उचलून पाहतात. पिल्ले वर आली असल्यास सकाळी वा संध्याकाळी त्यांना पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडले जाते. ती थेट पाण्यात सोडली जात नाहीत. किनाऱ्यावरून चालत जाण्याच्या या छोट्या प्रवासात आपल्या जन्मस्थानाची खूण त्यांच्यात ठसते आणि वयात आल्यावर माद्या त्याच परिसरात परत येतात, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. शेवटी खड्डा उकरून किती अंडी उबली व किती वाया गेली याची नोंद घेतली जाते.

ही नोंदच या कामाचा कणा होय. किती घरटी मिळाली, किती अंडी होती, किती पिल्ले गेली, हे आकडे वर्षानुवर्षे ठेवल्यामुळे गावाचा अनुभव हा पुराव्याच्या योग्यतेला पोहोचला. पुढे शासनाने या कामाची व्याप्ती वाढविली तेव्हा या नोंदींचा मोठा आधार झाला.

ज्याचे हात, त्याचेच ज्ञान

अंडी शोधणारे लोक कोण होते, याचा विचार पुष्कळदा केला जात नाही. ते गावातीलच अल्प उत्पन्नाचे लोक होते. पहाटेचा माग वाचण्याचे कसब त्यांच्याकडेच होते. त्यांना गुन्हेगार ठरविले असते तर ते कसब अंधारातच राहिले असते. संस्थेने अशा जाणत्या लोकांनाच राखणीच्या कामात घेतले व त्यांना मानधन दिले. ज्या हातांनी अंडी उकरली जात, त्याच हातांनी ती जपून पुरली जाऊ लागली. कोकणच्या किनाऱ्यावर आज ‘कासवमित्र’ हा शब्द रूढ झाला आहे. त्यामागे केवळ सेवाभाव नाही. श्रमाचा मोबदला मिळाला पाहिजे, ही व्यवहारी समजही आहे.

तथापि मानधन हंगामापुरते व थोड्या लोकांपुरते असते. साऱ्या गावाला कासवात रस वाटावा तर साऱ्या गावाला त्याचा काही लाभ दिसला पाहिजे, या विचारातून २००६ च्या सुमारास ‘कासव महोत्सव’ सुरू झाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी शहरांतून लोक येऊ लागले. गावात उपाहारगृहे वा निवासगृहे नव्हती. तेव्हा पाहुण्यांना घरोघरी उतरविण्यात आले. घावन, उकडीचे मोदक, सोलकढी असे घरचेच जेवण त्यांना मिळू लागले. गावकऱ्यांच्या ‘कासव मित्र मंडळा’ने व्यवस्था सांभाळली. ज्या घरांत एरवी मनीऑर्डरची वाट पाहिली जाई, तेथे गावातच चार पैसे येऊ लागले आणि त्यात गृहिणींच्या कष्टाचा वाटा सर्वांत मोठा होता.

शासनाचा सहभाग

वेळासच्या अनुभवानंतर हे काम रत्नागिरी, सिंधुदुर्ग व रायगड जिल्ह्यांतील इतर किनाऱ्यांवर पसरले. दापोली तालुक्यातील आंजर्ले, गुहागर, रत्नागिरी तालुक्यातील गावखडी आदी ठिकाणी उबवण केंद्रे सुरू झाली. हळूहळू वन खात्याने या कामाची जबाबदारी आपल्याकडे घेतली. २०१२ साली स्थापन झालेला कांदळवन कक्ष आणि त्यानंतरचे कांदळवन प्रतिष्ठान यांचेही साहाय्य या कामास लाभले. अलीकडच्या हंगामांत गुहागरचा विस्तीर्ण किनारा घरट्यांच्या संख्येत पुढे आला आहे.

२०२२ च्या आरंभी कांदळवन प्रतिष्ठान व भारतीय वन्यजीव संस्था यांनी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ५ कासविणींच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग देणारी यंत्रे बसविली. पश्चिम किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडले कासवांच्या बाबतीत असा प्रयोग प्रथमच होत होता. त्यातील पहिली कासवीण वेळासच्या किनाऱ्यावरचीच. तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवण्यात आले. २०२३ मध्ये गुहागर येथून ‘बागेश्री’ व ‘गुहा’ या आणखी दोन माद्यांना यंत्रे लावण्यात आली. बागेश्री दक्षिणेकडे जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. उलट, ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये पायाला खुणेची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे एकमेकांपासून सर्वस्वी वेगळी असावीत, ही समजूत त्यामुळे पुन्हा तपासून पाहावी लागली. गावच्या पुळणीवरील एका खड्ड्याचा संबंध साऱ्या हिंदी महासागराशी आहे, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

उणिवा आणि प्रश्न

यशाची नोंद करताना उणिवांची नोंद टाळणे योग्य नव्हे. पहिला प्रश्न गर्दीचा. कासव वेळापत्रक पाळत नाही. दूरवरून आलेल्या पाहुण्यांना एखाद्या दिवशी एकही पिल्लू पाहावयास मिळत नाही आणि मग नाराजी व्यक्त होते. पाहुण्यांच्या समाधानासाठी पिल्ले अडवून ठेवण्याचा मोह कोठेही होऊ नये, कारण अंड्यातून निघालेल्या पिल्लाची शक्ती पहिल्या काही तासांच्या पोहण्यासाठी राखलेली असते. प्रखर दिवे, जवळून घेतलेली छायाचित्रे, किनाऱ्यावर येणारी वाहने आणि मागे राहणारा प्लॅस्टिकचा कचरा यांना आळा घालणे हे यजमान गावाला कटू वाटले तरी आवश्यक आहे.

दुसरा प्रश्न लाभाच्या वाटणीचा. ज्याचे घर मोठे, त्याच्याकडे पाहुणे अधिक. ज्याच्याकडे पाहुणे उतरविण्याजोगी खोली नाही, त्याच्या वाट्याला काय येते, हा विचार मंडळाने व ग्रामपंचायतीने वेळोवेळी करावा लागतो. पाळी लावून पाहुणे वाटून देणे, भाजी, दूध, नारळ गावातूनच घेणे, मार्गदर्शनाचे काम तरुणांना देणे अशा उपायांनी ही दरी कमी करता येते. संरक्षणाचा भार सर्वांवर व लाभ थोड्यांना, असे झाले तर जुनी वाट पुन्हा उघडण्यास वेळ लागणार नाही.

तिसरा प्रश्न शास्त्रीय आहे. अंडी उचलून केंद्रात नेणे हा आदर्श उपाय नव्हे. शक्य असेल तेथे घरटे मूळ जागीच राखणे चांगले, कारण एकाच जागी दाटीने पुरलेल्या खड्ड्यांत बुरशीचा व उष्णतेचा धोका वाढतो. पिल्लांचे लिंग तापमानावर ठरत असल्याने हवामान बदलाच्या काळात केंद्रातील वाळूचे तापमान मोजणे व गरजेनुसार सावली करणे याला विशेष महत्त्व आहे.

चौथे संकट समुद्राचे. ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने मंडणगड-दापोली भागातील घरे व बागा उद्ध्वस्त केल्या. वाडी उभी करण्यास एक पिढी लागते. ती एका दुपारी आडवी झाली. ज्या गावाचे छप्पर उडाले आहे त्याने कासवाची काळजी का करावी, असा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु पुळण, तिच्यावरील वनस्पती आणि खाडीतील कांदळवन यांनीच लाटांचा मारा काही अंशी अडतो. कासवाला जो नैसर्गिक किनारा हवा असतो तोच गावालाही हवा असतो. वाळूचा उपसा व किनाऱ्यालगतची बेसुमार बांधकामे दोघांनाही सारखीच घातक आहेत.

समुद्रापासून दूरच्या गावांसाठी

पालीसारख्या समुद्रापासून आत असलेल्या गावात कासव येणार नाही. मग वेळासचा धडा तेथे कसा लागू पडावा? त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील आणखी एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. जांभ्याचे सडे ही वर्षानुवर्षे ‘पडीक जमीन’ म्हणून गणली गेली. याच सड्यांवर प्राचीन माणसाने खोदलेली हत्ती, मासे, मानवाकृती व भौमितिक आकृत्यांची कातळशिल्पे आहेत. त्यांचा पद्धतशीर शोध घेण्यात रत्नागिरीच्या ‘निसर्गयात्री’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी पुढाकार घेतला, आणि २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. पावसाळ्यात याच सड्यांवर अल्पायुषी वनस्पतींचा व फुलांचा बहर येतो आणि मुरलेले पाणी खालच्या झऱ्यांना मिळते. ‘पडीक’ हा शब्द महसुली दप्तरात बरोबर असेल. निसर्गाच्या दप्तरात तो चुकीचा आहे.

तेव्हा प्रत्येक गावाने प्रथम आपली ‘पुळण’ कोणती ते शोधावे. कोठे ती देवराई असेल, कोठे वहाळाचा उगम, कोठे सडा, कोठे वटवाघळांचे झाड, कोठे खवले मांजराचा वावर असलेले रान. ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने खवले मांजर, गिधाडे व वेंगुर्ले येथील दीपगृहाच्या बेटांवरील पाकोळ्या यांच्यासाठीही हाच मार्ग अनुसरला. प्राणी बदलला तरी पद्धत तीच राहिली: पाहणी, नोंद, संवाद, मोबदला आणि शासनाचे सहकार्य.

ग्रामपंचायतीच्या हाती या कामासाठी साधने आहेत. जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. ही नोंदवही एकदा लिहून कपाटात ठेवली तर तिचा उपयोग शून्य. तीच दरवर्षी ग्रामसभेत वाचली गेली आणि गेल्या वर्षीचा झरा या वर्षी किती दिवस आधी आटला, गेल्या वर्षी दिसलेला पक्षी या वर्षी दिसला की नाही, हे त्यात लिहिले गेले तर ती गावाची रोजनिशी होईल. राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. त्या कर्तव्याला गावपातळीवर हात-पाय देण्याचे काम ही नोंदवही करू शकते.

शिक्षकांचा वाटा याहून मोठा आहे. एका इयत्तेने एक वहाळ वर्षभर पाहावा. पाण्याची पातळी काठीवर मोजावी, काठावरील झाडांची नावे आजी-आजोबांना विचारून लिहावीत, कचरा कोठून येतो याचा नकाशा काढावा आणि ती वही वर्षाअखेर ग्रामसभेपुढे ठेवावी. ज्या प्रौढांना भाषणाने काही वाटत नाही, त्यांना आपल्याच मुलांनी मोजलेला आकडा पुष्कळदा विचार करावयास लावतो.

अधिकाऱ्यांकडून अपेक्षा वेगळी आहे. स्वयंसेवी गट हा खात्याचा प्रतिस्पर्धी नव्हे व विनावेतन नोकरही नव्हे. त्याचा अर्ज वेळेवर निकालात काढणे, त्याने आणलेली माहिती तपासून वापरणे आणि राखणीचे मानधन हंगाम संपण्यापूर्वी पोहोचविणे, एवढ्या साध्या गोष्टींनी विश्वास वाढतो. उलट, पहाटेचा किनारा चालणाऱ्या माणसाचे पैसे पावसाळ्यापर्यंत अडकले तर पुढल्या थंडीत तो माणूस किनाऱ्यावर दिसेलच असे नाही. स्वयंसेवी गटांनीही तक्रार करताना तारीख, ठिकाण व मोजमाप दिल्यावाचून बोलू नये. वेळासच्या कार्यकर्त्यांच्या शब्दाला वजन आले ते त्यांच्या वह्यांमुळे.

उपसंहार

वेळासला २००२ पूर्वी कासवे येत नव्हती असे नाही आणि कायदा नव्हता असेही नाही. कासव होते, कायदा होता, गाव होते. परंतु या तिघांना जोडणारा दुवा नव्हता. चिपळूणच्या मूठभर कार्यकर्त्यांनी तो दुवा जोडला आणि काही वर्षांत तो गावाच्या हाती दिला. त्या पहिल्या हंगामात समुद्रात गेलेल्या पिल्लांपैकी ज्या थोड्या माद्या वाचल्या असतील, त्या आज वयात आल्या आहेत. थंडीच्या एखाद्या रात्री त्यांतील एक याच किनाऱ्यावर परत येत असेल. तिची अंडी उकरली जाणार की जपली जाणार, हे तिच्या हाती नाही. ते पहाटे किनाऱ्यावर जाणाऱ्या माणसाच्या हाती आहे. ज्या ज्या गावात अशी पहाटेची फेरी घालणारा एखादा माणूस तयार होईल, मग ती फेरी पुळणीवर असो, वहाळाकाठी असो वा सड्यावर असो, त्या गावाच्या निसर्गाला वाली मिळाला असे समजावे.